साध्या घरांचा आर्किटेक्ट

यवतमाळात आर्किटेक्ट म्हणून पंधरा वर्षं काढली की नकाशांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नकाशे निदान गुंडाळून ठेवता येतात! मित्र जमले की मी हे किस्से हसत सांगतो. खरं म्हणजे सांगताना लाज वाटते.

पुण्याहून शिकून आलो तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, घर साधं हवं. पांढऱ्या सपाट भिंती, कोनाडा नको, नक्षी नको. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत. 'साधं' म्हटलं की लोकांना वाटायचं, स्वस्तात होईल. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही!

*

नेरच्या एका वहिनींना मी बिनफळ्यांचं स्वयंपाकघर दिलं. 'मोकळं वाटतं ना?' मी विचारलं.

"वाटते न जी. पण डबे काय डोक्यावर ठिवू?"

*

एका क्लार्कला भिंतीत खिळा ठोकला म्हणून मी चांगलंच झापलं होतं. पुढच्या वेळी बेल वाजवली, तर आतून दबका आवाज आला, "साहेब आले वो! क्यालेंडर लपवा!"

त्याचं घर, त्याची भिंत. तेव्हा मला हे माझं कौतुकच वाटलं होतं.

*

आमचा पुंडलिक मिस्त्री त्याच्या शेजारी बांधत असलेल्या घराच्या खिडक्यांवर छज्जा हवा म्हणून भांडला. "साहेब, पुण्याचं ऊन येगळं, इथलं येगळं." छज्ज्यानं रेषा बिघडते, असं सांगून मी त्याला गप्प केलं.

मे महिन्यात घर बघायला गेलो तर कुलूप. सगळं कुटुंब शेजारी पुंडलिकच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात बसलेलं! पुंडलिकनं सतरंजी झटकली. "बसा साहेब, इथं थंडं हाय."

*

आर्णीचे एक गुरुजी मात्र माझ्यावर फिदा. "हॉल असाच पायजे. एकबी फळी नोका लावू!" वाटलं, चला, एक तरी रसिक भेटला.

दिवाळीनंतर गेलो तर हॉलमध्ये छतापर्यंत कापूस! शेतातला कापूस भाव येईपर्यंत ठेवायला त्यांना जागा हवी होती. मी दारातूनच परतलो, तरी कापसानं दोन दिवस अंग खाजत होतं.

*

त्याच घराचे फोटो काढायला पुण्याच्या एका मासिकाचा फोटोग्राफर आला. गुरुजींना म्हटलं, "एक दिवस हॉल रिकामा करा."

ते म्हणाले, "पोरीची, प्रणालीची नर्सिंगची फी याच्यावरच हाय साहेब. पण तुमचं काम हाय तं करतो."

बापलेकींनी सकाळपासून कापूस अंगणात वाहिला. वर निळी ताडपत्री टाकली. फोटोग्राफर म्हणाला, खिडकीतून ते निळं दिसतंय. मी म्हणालो, "गुरुजी, ताडपत्री काढा जरा. पाचच मिनिटं."

त्यांनी काढली.

दुपारी आभाळ भरून आलं. फोटोग्राफर खूश, उजेड मऊ झाला म्हणे. 'अजून एक, अजून एक' करत राहिला, आणि मीही त्याला थांबवलं नाही. मग गाराच सुरू झाल्या. आम्ही सगळे धावलो. ताडपत्री वाऱ्यानं उडून कुंपणाला अडकली होती.

फोटो सुरेख आले. पावसाळ्यात मासिकाचा अंक द्यायला आर्णीला गेलो. कॉलेजं सुरू होऊन महिना झाला होता. दार प्रणालीनंच उघडलं.

तिनं ओले हात ओढणीला पुसले, अंक घेतला आणि पानावरच्या हॉलकडे बराच वेळ पाहत राहिली.

"किती मोठं दिसते न जी काका, आमचं घर!"