पंगतवाली माय

माय कोणाचं उष्टं खात नसे. तिच्यापुढे कोणी घोटभर प्यालेला चहाचा कप सरकवला, तर ती कप नव्हे, माणूसच बाजूला सारायची. "छप्पन साली माह्या बापानं दीक्षा घेतली. घरी आला अन् पयले काय सांगतलं? पोट्टेहो, आता लोकायच्या उष्ट्यावर जगाचं नाही. मी लहान होती, पन कान शाबूत होते माहे," असं ती ठणकावून सांगे. आणि हीच बाई रोज दोन चिंपांझींबरोबर एका परातीत जेवते, हे ऐकून लोक तोंडात बोट घालत. कोणी खवचटपणे विचारलंच, तर तिचं उत्तर तयार असे. "मी त्यायचं नाही खात. तेच माहं खातेत. पयला घास माहा असते."

घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, त्या वेळची ही गोष्ट. कळमन्याच्या पलीकडे एका संत्र्याच्या बागेत आमचे डॉक्टरसाहेब टाकून दिलेल्या जनावरांना सांभाळत. मी तिथला कंपाउंडर आणि माय स्वयंपाकीण. एक सर्कस गावात बुडाली, मालक पळाला आणि उरलेल्या पिंजऱ्यातून रुस्तम आणि बिजली आमच्याकडे आले. रुस्तमच्या गळ्याभोवती साखळीचा काळा वण होता. बिजलीचे पुढचे दात उपटलेले होते, कोणाला चावू नये म्हणून. त्या मालकाला मी आजही शिव्या देतो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

दोघंही काही खाईनात. केळी आणली, दूध आणलं, अंडी उकडली. रुस्तम प्रत्येक वस्तू हुंगायचा आणि लोटून द्यायचा. खेळाआधी गप्प राहावेत म्हणून सर्कशीत त्यांना गुळातून नशा चारत, हे मागाहून कळलं. माय ते ऐकून चुलीकडे गेली आणि वरण-भाकरीची परात घेऊन आली. गजांच्या खालून तिने परात अर्धी आत सारली, अर्धी बाहेर ठेवली आणि मांडी घालून स्वतःच जेवायला बसली. रुस्तम तिच्याकडे बघत राहिला. ही आता कलंडते की काय, याचीच तो वाट बघत असावा. माय कलंडली नाही, उलट ढेकर दिली. मग त्याने हळूच हात पुढे केला.

तेव्हापासून पंगतीचा रिवाज पडला. सकाळी माय बाहेरून त्यांच्या झोपायच्या खणाचं दार सरकवी, रुस्तम आपली पोती झटकून उन्हात नीट अंथरी आणि मग गजांच्या आत ते दोघं, बाहेर माय, अशी तिघं परातीभोवती बसत. बिजलीसाठी माय भाकरी वरणात कुस्करी, लोण्यासारखी मऊ झाली की आधी स्वतः चाखी, मग त्याच बोटांनी तिच्या तोंडात घाली. जेवण झालं की बिजली गजांतून हात काढून मायच्या पिकू लागलेल्या केसांत उवा शोधायची. "नाहीत वं बाई, एकही नाही," माय म्हणे, पण मान वाकवून बसून राही.

एक गोष्ट मात्र मायला सहन होत नसे. माणूस दिसलं की बिजली कपाळाला हात लावून सलाम ठोकायची. बघायला आलेल्या पाहुण्यांना त्याचं भारी कौतुक. माय तिथल्या तिथे बिजलीचा हात धरून खाली करायची. "हात खाली कर वं. इथं कोनी मालक नाही." पावसाळा सरेपर्यंत सलाम सुटला. त्या दिवशी मायने सगळ्यांना शिरा खाऊ घातला.

हिवाळ्यात बिजली खोकू लागली. माय त्याआधीपासूनच खोकत होती, पण चुलीच्या धुरात राबणारी बाई खोकणारच, असं तिच्यासकट सगळ्यांनी धरलेलं. डॉक्टरसाहेबांनी दोघींनाही तपासलं, मायच्या छातीचा फोटो सरकारी दवाखान्यात काढून आणला आणि तो उजेडात धरून बघितला. क्षय होता, तोही फार पुढे गेलेला. माणसाचा क्षय या जनावरांना सहज लागतो, हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं.

"म्हंजे माह्या घासानं?" मायने विचारलं.

साहेबांनी फोटो पाकिटात सरकवला.

"मंग मीच मारून राहिली तिले," ती म्हणाली आणि परात घासायला निघून गेली. तिच्याइतकं धीराचं मला होता आलं नाही, मी तिथेच रडलो.

मायला सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या, बिजलीला औषधं दिली, सुया टोचल्या. बिजलीच्या अंगात काही उरलंच नव्हतं. शेवटी शेवटी साहेब सुई घेऊन आले की ती पडल्या पडल्या कपाळाला हात लावायची. माय लांब उभी होती, हात खाली करायला जवळ येऊ शकत नव्हती. बिजली तशीच गेली.

रुस्तम निरोगी निघाला, पण त्याने अन्न सोडलं. मी त्याच्यासमोर बसून जेवलो, साहेब जेवले. तो आमच्या मागे, माय यायची त्या फाटकाकडे बघत राहायचा. अखेर माय म्हणाली, "बापू, चुन्याची रेघ मार अंगणात. लांब मार. माह्या पायाचा भरवसा नाही, लाडात येऊन पुढे जाईन." मी चुन्याची पाटी खाली ठेवली तशी ती हसली. "मार गा. लोकायनं मारलेल्या लई पायल्या. हे मी मागून राहिली."

रेघेपलीकडे ती आपलं वेगळं ताट घेऊन बसे आणि घास उंच धरून रुस्तमला दाखवून खाई. मग तो खाई. तिला स्वतःला अन्न जाईनासं झालं होतं, गिळताना डोळ्यांत पाणी येई, पण पहिला घास तिने कधी चुकवला नाही.

एका सकाळी तिने घास उचलला आणि तो तोंडापर्यंत जाईना. हात मांडीवर पडला. रुस्तम गजांशी येऊन बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हातातलं केळं अर्धं खाल्लं आणि उरलेलं गजांतून जोरात फेकलं. ते रेघ ओलांडून मायच्या पायाशी पडलं.

मायने ते उचललं, पदराने माती पुसली.

"माय, उष्टं आहे ते," मी म्हणालो.

"मले मालूम हाय," माय म्हणाली आणि तिने ते सगळं खाल्लं.

त्यानंतर ती आली नाही. तेव्हापासून रेघेपलीकडे मी बसतो. रुस्तम आधी फाटकाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मी पहिला घास घेतो.