दोन नळ्यांतलं जांभळं कडं

भाद्रपदातल्या पर्वाच्या दहा दिवसांत आमच्या घराला एक वास असे. जास्त पिकलेल्या फळासारखा, थोडा गोड, थोडा स्पिरिटसारखा. उपास धरलेल्या माणसाच्या श्वासाला तो येतो. निपाणीकडच्या आम्हा जैनांच्या घरांत त्याचं कुणाला काही वाटत नाही. आई दहाही दिवस नुसतं गाळून तापवलेलं पाणी घेई, तेही दिवसातून एकदाच. ती शेजारी बसली की तो वास यायचा. लहानपणी मला वाटे, पुण्यकर्माला असाच वास असणार.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळलं, तो ॲसिटोनचा वास.

पुढं मी बेळगावच्या एका शाळेत शिकवू लागलो. टिळकवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आई व आक्का माझ्याकडं राहायला आल्या. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिला साखरेचा आजार निघाला आणि सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं. रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. तिची तीच टोचून घ्यायची. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत थंडाव्याला पुरलेली असे. संध्याकाळी शाळेतून आलो की मी तिची लघवी तपासायचो.

"मास्तर, आज किती मार्कं पडली?" ती विचारायची.

"पस्तीस. काठावर पास."

"मग वरच्या वर्गात घाल की रं!"

हसता हसता मी तिला शिकवतही असे. पिठाचं, साखरेचं अन्न मोडत मोडत पायरुविक आम्लापर्यंत येतं. त्यातून दोन कार्बनांचा एक तुकडा उरतो. चरबी मोडली तरी तसलाच तुकडा निघतो. हे सगळं तोडणं-जोडणं एन्झाइमं करतात. तो तुकडा चार कार्बनांच्या एका आम्लाला जोडला गेला की लिंबातलं आम्ल तयार होतं आणि तिथून पुढं तो जळून शरीराला ऊब देतो. पण साखर वापरताच आली नाही, तर नुसती चरबी मोडत राहते. तुकड्यांचा ढीग होतो, जोडीला घेणारं आम्ल कमी पडतं, मग तुकडे एकमेकांनाच चिकटतात. त्यातून ॲसिटोन होतं. माझ्या त्या वेळच्या पुस्तकात त्या तुकड्याला धड नावही नव्हतं. तोवर कुणाच्या हाती तो लागलेला नव्हता. पण सगळ्या वाटा त्याच्यापाशी येत होत्या.

"म्हणजे आईच्या उपासाचं आणि माझ्या रोगाचं एकच की रं," आक्का म्हणाली होती.

"वाट एकच. पण आईचं शरीर थांबवू शकतं. तुझं सुईशिवाय थांबत न्हाय."

एका वर्षी श्रावणात तिनं औषधाच्या खोक्यातला इंग्रजी कागद माझ्यापुढं धरला. "हे कशापासनं करत्यात?"

मी वाचलं आणि होतं तसं सांगितलं. गुरांच्या आणि डुकरांच्या पोटातल्या एका ग्रंथीपासून. विचारलं की खरं उत्तर द्यायचं, ही मास्तरकीची सवय. सुई हातात धरून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आईला सांगू नगंस," आणि टोचून घेतली. माझ्या दृष्टीनं तो विषय तिथं संपला.

पंचमीला पर्व सुरू झालं. आई उपासाला बसली. आक्कानं एकासन धरलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. डॉक्टरांनी सुईचं माप थोडं कमी करून परवानगी दिली होती.

चौथ्या दिवशी मी तिची लघवी तपासली. साखरेच्या नळीत लाल रंग आला, पण साखर तिला नेहमीच असे, तेव्हा मी घाबरलो नाही. ॲसिटोनच्या नळीत मात्र वरून अमोनिया सोडताच दाट जांभळं कडं उठलं. तसं आधी कधी आलं नव्हतं.

"उपासाचं असंल," ती म्हणाली. "आईचीबी बघ की."

आई "शी! देवळास्नं आलोय मी," म्हणाली, पण आक्कानं तिला कसंबसं तयार केलं. मी दुसरी नळी केली. तसंच जांभळं कडं. दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. एकच रंग. मी निश्चिंत झालो आणि नळ्या धुऊन टाकल्या.

सहाव्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल आणि भराभर येऊ लागला. डॉक्टर आले. वाकून त्यांनी तिचा श्वास हुंगला आणि विचारलं, "सुई चालू आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

आक्कानं नाही म्हणून मान हलवली. "धा दिसच रं," ती मला म्हणाली. "एवढं धा दिस तरी नको म्हटलं."

मी माठाखालची बाटली काढली. पंचमीला होती तेवढीच भरलेली होती. डॉक्टरांनी सुई दिली, पुन्हा दिली, सलाइन लावायला नस शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आईची तपासणी कर, असं तिनं मुद्दाम सुचवलं की सहज, ते मला माहीत नाही. दोन्ही रंग एकच का दिसतात, हे मीच तिला शिकवलं होतं. ते वेगळे कशानं ओळखायचे, हेही मला येत होतं. बाटली पाहायची होती, एवढंच.

पुढच्या वर्षी आई पुन्हा उपासाला बसली. मी तिला नको म्हणालो नाही. आक्कानं सुई का सोडली, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो वास आला आणि मी उठून दाराशी बसलो.

"लांब का बसलास रं? वास येतोय व्हय तोंडाचा?"

"न्हाय, आई."

"आक्काच्याबी तोंडाला शेवटी असाच येत हुता. पर्वात गेली. पुण्यवान पोर."

आई माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो.