धनीबाईंना वाचून न दाखवलेला कागद

अ‍ॅडव्होकेट भास्करराव गेल्याचं मला वकिलांच्या ग्रुपवर कळलं, तेही हात जोडलेल्या चित्रांच्या ढिगाऱ्याखालून. ‘भाषिक अल्पसंख्याकांचा आधारवड कोसळला,’ असं कुणीतरी लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी तेच पुढं ढकललं होतं. महिना झाला आता. शोकसभा झाली, सभागृहाला नाव द्यायचा ठराव झाला, गौरवग्रंथाची समितीही झाली. समितीनं मला पत्र पाठवलं : तुम्ही अकरा वर्षं सरांच्या ज्युनिअर होतात, चार हृद्य आठवणी लिहून द्या. हृद्य आठवणी माझ्याकडं नाहीत. जी एक आहे ती त्या ग्रंथात छापणार नाहीत, म्हणून इथं लिहितेय.

सरांना कायदा येत नव्हता असं कुणी म्हणू नये. घटनेतली भाषेची कलमं त्यांना तोंडपाठ होती. पहिलीतल्या मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकता आलं पाहिजे, या एका वाक्यावर ते दीड तास बोलत. दिल्लीत बोलले, परदेशात बोलून आले. शहराचं नाव बदललं, भाषण तेच राहिलं. उर्दू, भिली, गोरमाटी… सगळ्या भाषांचे हक्क त्यांना ठाऊक होते, भाषा मात्र यातली एकही नाही. चहावाला दखनीत बोलला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मी करमाडची, बौद्ध कुटुंबातली, घरातली पहिली वकील. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, “सर, ही फाईल लई जाड हाय.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सुजाता, या ऑफिसात असं बोलायचं नाही. लोक काय म्हणतील?” भाषिक हक्कांच्या त्या ऑफिसात मी माझी बोली चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवायला शिकले, आणि शिकवल्याबद्दल कितीतरी वर्षं त्यांची आभारी राहिले. त्या आभाराचीच आता मला जास्त चीड येते.

ज्या खटल्यानं ते मोठे झाले तो धनीबाईंचा. खुलताबादच्या पुढं डोंगरात त्यांचा बंजारा तांडा आहे. तांड्यावरच्या शाळेत एक गुरुजी होते, ते पहिलीच्या पोरांना गोरमाटीतून, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतून शिकवायचे. त्यांची बदली झाली. नव्या गुरुजींचं पोरांना काही कळेना, पोरं शाळेकडं फिरकेनात. धनीबाईंची मीरा तेव्हा सहा वर्षांची. बाई ऑफिसात आल्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, “सायेब, आमचा मास्तर वापस द्या.” मागणी एवढीच होती. सरांनी तिची साठ पानांची याचिका केली, त्यात मास्तर एकेचाळिसाव्या पानावर आला.

सुनावणीत शिक्षण खात्यानं तोडगा काढला. गोरमाटी येणारा शिक्षक तांड्यावर देता येत नाही, पण लांबच्या एका आश्रमशाळेत तसा शिक्षक आहे, तर पोरांनी तिथं जाऊन राहावं. सर खूश झाले. खात्यानं मातृभाषेचा हक्क मान्य केला होता ना! सहा वर्षांची पोर आईपासून तोडली जाणार, ही बाब त्यांच्या तत्त्वात कुठं बसत नव्हती, म्हणून ती त्यांना दिसलीच नाही. तडजोड मान्य असल्याची पुरसीस, म्हणजे पक्षकाराच्या संमतीचा कागद, मी लिहिली. अशा कागदाच्या शेवटी एक ओळ असते आणि आम्ही वकील ती डोळे झाकून टाकतो : ‘वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे.’ मीही टाकली. वाचून कुणीच दाखवला नाही. गोरमाटी येणारं माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात नव्हतं आणि आम्ही शोधलंही नाही, कारण पुकारा होत आला होता. धनीबाईंनी विचारलं, “मास्तर येतो ना?” सर घड्याळ बघत म्हणाले, “होय, होय, सगळं तुमच्या मनासारखं.” मी बाईंचा अंगठा शाईच्या पॅडवर धरला, मग कागदावर टेकवला. मातृभाषेच्या हक्काचा तो ऐतिहासिक निकाल असा लागला.

जूनमध्ये पोरांना न्यायला आश्रमशाळेची जीप तांड्यावर गेली. दोन दिवसांनी धनीबाई ऑफिसच्या दारात. “माझी पोर कुटं नेली?” सर मला म्हणाले, “त्यांना निकाल समजावून सांग,” आणि वैजापूरला व्याख्यानाला निघून गेले. मी समजावून सांगितला… मराठीत. बाई आश्रमशाळेत गेल्या, तर तिथं त्यांना त्यांचाच अंगठा दाखवून परत पाठवलं. मीरालाही तिथं तेच सांगितलं, तुझ्या आईनंच अंगठा देऊन तुला पाठवलंय. पोरीनं ते मनात धरलं. शिकली, नर्स झाली, शहरात नोकरीला लागली, पण तांड्यावर पाय ठेवत नाही. ‘अंगठा लावून टाकलंस मला,’ एवढंच आईला म्हणते. मीरा शाळेत असतानाच सुट्टीतही घरी येईना, तेव्हा धनीबाई एकदा सरांना विनवायला आल्या होत्या, तुम्ही तिला खरं काय ते सांगा म्हणून. सर म्हणाले, “मी काय घरगुती भांडणं मिटवायला बसलोय का?” त्या वेळी ते याच खटल्यावर परिषदेसाठी निबंध लिहीत होते. मी शेजारी बसून तो टाईप करत होते.

शोकसभेत तीन वक्ते धनीबाईंच्या खटल्यावर बोलले. धनीबाई जिवंत आहेत की नाहीत, हे तिघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुरसीशीची नक्कल घेऊन तांड्यावर गेले. दोन्ही भाषा येणाऱ्या शेजारच्या सुनेला बसवलं आणि तो कागद धनीबाईंना ओळ न् ओळ वाचून दाखवला, वीस वर्षं उशिरा. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला.

“ही वळ कोन लिवली?”

“मी.”

“मंग तूच सांग तिला.”

मीराला फोन लावला. तुझ्या आईला काहीही वाचून दाखवलं नव्हतं, मास्तर येणार एवढंच तिला सांगितलं होतं, अंगठा मी धरला होता… सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “तुम्ही वकील ना? इतकी वर्षं काय करत होतात?”

“सरांची ज्युनिअर होते,” मी म्हणाले. याहून खालचं उत्तर मला सापडलं नाही.

तिनं विचारलं, “याडी आहे का तिथं?” आईला तिकडं याडी म्हणतात. मी फोन धनीबाईंच्या हातात दिला. मीरा गोरमाटीत बोलू लागली, अडखळत, थांबत, आणि बाई मधेमधे तिला शब्द पुरवत होत्या. मला काही कळत नव्हतं. पक्षकार आपल्या भाषेत बोलू लागला की सर गंभीरपणे मान डोलवायचे, सगळं समजल्यासारखी. फोटोत ते फार छान दिसायचं. माझीही मान हलायला लागली होती. ती मी थांबवली, आणि उठून बाहेर गेले.