आत्याच्या ट्रंकेतला कॉम्प्युटर

आमच्या आत्याइतकी अर्थिंगवर श्रद्धा असलेली बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. देवळाली प्रवरेहून ती कायमची आमच्याकडे सावेडीला राहायला आली, तेव्हा रिक्षातून उतरल्या उतरल्या, पाण्याचा घोटही न घेता तिनं विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?" मलाच ठाऊक नव्हता. मग तिनं माणूस लावून अंगणात नवा खड्डा घेतला, समोर उभं राहून त्यात कोळसा-मीठ भरून घेतलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी तुळशीच्या आधी त्या खड्ड्याला तांब्याभर पाणी पडू लागलं. मिक्सरला दोनच पिनांची, म्हणजे बिनअर्थिंगची, वायर दिसली म्हणून एका लग्नघरातून ती न जेवता उठून आली होती.

आम्ही हसायचो, पण तिच्यासमोर नाही. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, एका उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरायला गेले, ते तिथंच चिकटले. आत्या तेव्हा आत पापड भाजत होती.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं, मुक्तानं, कॉलेजच्या ड्रॉइंगसाठी स्वतःच कॉम्प्युटर जोडायचा ठरवला. सुटे भाग आणले. खोकं प्लायवुडचं करणार होती. आत्यानं प्लायवुडवर बोट वाजवून पाहिलं.

"लाकडात न्हाई. उद्या आत काय सुटलं, तर वीज जायची कुठून? तुझ्या हातातून?"

मग पलंगाखालून आपल्या लग्नातली पत्र्याची ट्रंक ओढली, आतल्या साड्या माझ्या कपाटात कोंबल्या आणि म्हणाली, "हिला काप."

मुक्तानं ग्राइंडरनं मागची बाजू कापली. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यांच्याखालचा निळा रंग आत्यानं अर्थिंग नीट लागावं म्हणून पॉलिशपेपरनं घासून पत्रा लख्ख केला. झाकणालाही अर्थिंगची वेगळी हिरवी वायर जोडायला लावली; बिजागरीवर तिचा भरवसा नव्हता. सगळं आवळून मुक्तानं बटण दाबलं. पंखा गर्रकन फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"जळला बोर्ड, आत्याआजी," मुक्ता बाहीनं डोळे पुसत म्हणाली.

आत्यानं आधी प्लग उपसला. "रडू नको. वर काढ त्याला. नको तिथं टेकलं आसंल."

तसंच निघालं. बोर्डाला जिथं भोकच नव्हतं, तिथं एक खुंटी जास्तीची बसली होती आणि खालून बोर्डाच्या डागकामाला, म्हणजे सोल्डरिंगला, भिडत होती. ती काढली, आणि पडदा उजळला.

आत्यानं ट्रंकेला टेस्टर लावला. मग तो बाजूला ठेवून उघडा तळवाच पत्र्यावर टेकवला. बराच वेळ तो तिनं उचलला नाही.

"आमच्या कूलरलाबी एवढंच करायचं हुतं गं," ती म्हणाली. "एक वायर."

मुक्तानं आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला.

आता मुक्ता ड्रॉइंग करत असते तेव्हा आत्या शेजारच्या खुर्चीत बसते. पडद्यावरच्या रेषा तिला कळत नाहीत आणि ती विचारतही नाही. परवा दुपारी मी डोकावलो, तर ट्रंकेतला पंखा घुमत होता आणि आत्याचा डोळा लागला होता. आतोबा गेल्यापासून, शेजारी विजेचं काही चालू असताना तिला झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मुक्तानं ओठांवर बोट ठेवलं. मी हलकेच दार लोटून घेतलं.