दर पाच सेकंदांनी

ऑफिसात तिला सगळे पहारेकरीण म्हणायचे, आणि तिला ते नाव आवडायचं. कामच तसं होतं. गावोगावच्या औषधांच्या कोठारांत लसींचे मोठे फ्रिज, आणि प्रत्येक फ्रिजच्या पाठीला चिकटवलेला तळहाताएवढा डबा. इंटरनेटवरून त्याला विचारायचं, "बाबा रे, आत किती थंडी आहे?" की तो आकडा सांगायचा. असे सगळीकडचे आकडे गोळा करायचे, त्यातलं नको ते गाळायचं आणि उरलेलं भिंतीवरच्या पडद्यावर पाठवायचं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. कुणाला, कोणत्या पत्त्यावर आणि किती वेळाने विचारायचं हे एका फाइलीत लिहिलेलं असे. ती फाइल हिच्या ताब्यात होती.

बाई कामाला चोख. स्वभावाचं मात्र विचारूच नका! काळजी करायला तिला कारण लागत नसे, आणि एक कारण तर खरंच होतं. तिच्या एकुलत्या एका मुलाला लहानपणापासून फिट यायच्या. नवरा गेल्यावर घरात दोघंच. पोरगा अंघोळीला गेला की ही दाराबाहेर उभी. "आहेस ना रे?" तो शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीला लागला, ही आपली हात धुऊन मागे. शेवटी त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. "आई, गोळ्या वेळेवर घेतो. शेजारीही चांगले आहेत. मला जरा जगू दे," म्हणाला.

त्यावर ती गप्प बसली असं वाटत असेल, तर तुम्ही तिला ओळखलं नाहीत. सकाळी फोन, जेवताना फोन, ऑफिसातून निघताना फोन. "बरा आहेस ना?" "बरा आहे." "नक्की?" "नक्की, आई." असं काही महिने चाललं, आणि मग तो फोन उचलेनासाच झाला. हिचा जीव टांगणीला लागला.

नेमकं त्याच सुमारास साहेबांनी तिला नवी कोठारं जोडायला दिली. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान, तोंडाने मोठे. फाइलीत आधीच्या माणसाने दर पाच मिनिटांनी विचारायचं असं लिहून ठेवलं होतं. ते वाचूनच तिला घाम फुटला. पाच मिनिटं! तेवढ्यात काय काय होऊ शकतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मन चिंती ते वैरी न चिंती. तिने मिनिटं खोडून सेकंद केले आणि फाइल चढवली. पडदा हिरवागार झाला. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा लाल. आधी एक कोठार, मग त्याच्या शेजारचं, मग ओळीने सगळी नवी कोठारं. एकही डबा उत्तर देईना. साहेब खुर्चीतून उडालेच. "बाई, लहान मुलांना टोचायच्या लसी आहेत त्या!" फोनाफोनी झाली, माणसं कोठारांत धावली, साधे थर्मामीटर लावून बघितलं. फ्रिज सगळे गार होते, लसी शाबूत होत्या. बंद पडले होते ते नुसते डबे.

डबे बसवणारा फिटर एका कोठारातून फोनवर आला. फटकळ माणूस. "काय चालवलंय बाई? या डब्याचा जीव तो केवढा! एका वेळी एकच काम करतो बिचारा. तुम्हाला एक उत्तर देतोय तोवर तुमचा दुसरा सवाल दारात हजर. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय त्याला!"

ती हसली. मग जुन्या नोंदी उघडून बसली, आणि हसू मावळलं. काल फाइल चढवली तेव्हापासून डबे बंद पडेपर्यंत प्रत्येक डबा एकच आकडा सांगत होता. दशांशापर्यंत तोच. थंडी मोजायला फुरसतच नव्हती, आणि विचारणारी तर थांबत नव्हती. मग ते शेवटचा मोजलेला आकडाच पुन्हा पुन्हा पुढे करत होते. म्हणजे काल ज्या हिरव्या पडद्याकडे बघून ती जेवली, तो खोटाच होता. तिने कपाळाला हात लावला.

संध्याकाळपर्यंत तिने सगळं उलटं केलं. आपण विचारायचंच नाही. आपला एक पत्ता उघडा ठेवायचा आणि नुसतं ऐकत बसायचं. डब्याने निवांत मोजावं, काही बिघडलं तर लगेच स्वतःहून कळवावं, नाहीतर तासातून एकदा आकडा पाठवावा. बिघाड कळवला किंवा तास उलटून गेला तरी काही आलं नाही, तरच लाल.

"पण मधल्या वेळात आपल्याला काहीच कळणार नाही," साहेब म्हणाले.

"नाही कळणार," ती म्हणाली. "मधल्या वेळात त्याला त्याचं काम करू द्यायचं." म्हणाली खरी, पण हात पर्समधल्या फोनकडे गेला. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. तसं त्यांच्या फारसं काही लक्षात यायचंच नाही.

घरी जाताना जिन्यात थांबून तिने मुलाला लिहिलं. "यापुढे मी विचारणार नाही. रोज संध्याकाळी तूच काहीतरी पाठव, काहीही चालेल. नाही आलं तर मात्र येऊन दार ठोठावीन." पाठवलं, फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावून टाकली.

पहिल्या संध्याकाळी नुसता अंगठा आला. दुसऱ्या संध्याकाळी "हं". हिचे हात शिवशिवत होते. धुतलेलंच पातेलं ती पुन्हा घासायची, गॅसचा ओटा पुसून पुसून झिजवायची, पण फोन केला नाही हो! कसे दिवस काढले तिचं तिला माहीत.

मग एका संध्याकाळी लांबलचक मेसेज आला.

"आज दुपारी फिट आली. शेजारच्या काकूंनी कुशीवर वळवलं. जीभ थोडी चावली गेली, बाकी ठीक. आता झोपतोय. आई, तू रोज फोन करायचीस ना, तेव्हाही आली होती. दोनदा. मी बरा आहे म्हणून सांगायचो. खरं सांगितलं असतं तर तू फोन खालीच ठेवला नसतास."

ती स्वयंपाकघरात होती तिथेच खाली बसली. दोनदा! आणि तिने विचारलं होतं, नक्की का म्हणूनसुद्धा विचारलं होतं. रडू आलं तिला. फिट आली म्हणून आलं, पण त्याहून जास्त, पोराने आपणहून सांगितलं म्हणून आलं.

डोळे पुसून तिने भराभर लिहायला घेतलं. कितीला आली? किती वेळ होती? गोळी चुकली होती का? डॉक्टरांना कळवलंस? मी येऊ का? मग लिहिलेलं वाचलं, आणि एकेक करून सगळं पुसलं. फार वेळ लागला तिला ते पुसायला.

शेवटी पाठवलं ते एवढंच: "सांगितलंस, बरं केलंस. झोप."

लगेच उत्तर आलं. "तूपण झोप आता. सकाळी मी फोन करतो."