शेवटचा रकाना

नवं राज्य झालं तेव्हा आमचं सरकारी ऑफिस नव्या राजधानीत, शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात भरायचं. साहेब हॉलमध्ये, फायली बेडरूममध्ये, आणि मी मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर कॉम्प्युटर मांडून. पत्र टाइप करावं की भात लावावा, असा प्रश्न पडावा अशी जागा.

एकदा काम आलं. कॉलेजातलं संशोधन बाजारात पोचलं की नाही, हे कोणता देश कसं जोखतो, याचा तक्ता करायचा. त्यातली एक पद्धत आपलं राज्य उचलणार होतं आणि तिच्यावरूनच संशोधकांच्या नोकरीचे करार वाढणार होते. त्या संशोधकांत माझी थोरली बहीण होती.

ताईने भाताच्या तुसाची राख आणि चुना यांचा एक लेप शोधला होता. पत्र्यावर दिला की खोली गार राहते. कुणी कृती विचारली की ही बाई कागदावर लिहून द्यायची, वर चहा पाजायची. पेटंट नाही, विक्री नाही.

दुपारी कूलर घुरघुरायचा आणि मी तंद्रीत ताईला एकेका देशात घेऊन जायचे. एक देश पेटंटं मोजायचा. त्याने आम्हाला दारातूनच परत धाडलं. दुसरा नव्या कंपन्या मोजायचा. तिथूनही हात हलवत आलो. तिसऱ्या देशातली माणसं मात्र घरोघरी जाऊन विचारायची, तुमचं काय बदललं? तिथे ताईला खुर्ची मिळायची, बाहेर बर्फ पडत असायचा. मी रोज तिथेच रमायचे.

मग साहेबांनी शेवटी एक रकाना वाढवायला सांगितला: राबवायला सोपी की कठीण. मी पेटंटांपुढे ‘सोपी’ लिहिलं, माझ्या लाडक्या देशापुढे ‘कठीण’. साहेबांनी तेवढाच रकाना वाचला.

ताईचा करार वाढला नाही. मी तिला सगळं सांगितलं आणि रडले.

“काहून रडून राहिली?” ती म्हणाली. “सोपी होती तं सोपीच लिहिशील ना तू.”

पुढच्या उन्हाळ्यात आमचा बीरगांवहून येणारा शिपाई बादली घेऊन माझ्या पत्र्यावर चढला. बादलीत राख आणि चुना होता. कुणी शिकवलं, मी विचारलं.

“हमर बीरगांव मा सब झन लगाथें, दीदी.” त्यांच्याकडे म्हणे सगळेच लावत होते.

संध्याकाळी साहेब मागे डोकावले, म्हणाले, यहाँ तो बड़ी ठंडक है. मी ‘जी सर’ म्हटलं. ताईचं नाव तेव्हाही माझ्या तोंडातून निघालं नाही.