बटणवाल्या ताईंचा हात

बॅटरीच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘बटणवाल्या ताई’ म्हणत, आणि आता त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कोटाच्या बटणाएवढी चाचणीची बॅटरी जुळवायची, हे त्यांचं काम. लिथियमला हवेतला दमटपणा जराही सोसत नाही, म्हणून कोरडा वायू भरलेली काचेची बंद पेटी. पेटीलाच जाड रबरी हातमोजे बसवलेले. त्यांत कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि चिमट्याने एकेक थर लावत जायचं: तांब्याच्या पत्र्यावर लेप दिलेली काळी चकती, तिच्यावर कागदाहून पातळ पडदा, द्रवाचे थेंब, वर लिथियमची चकती, मग झाकण. पडदा जरासा सरकला, दोन्ही चकत्या एकमेकींना भिडल्या, की बॅटरी जन्माला येतानाच मेली. संध्याकाळी खांदे दगडासारखे व्हायचे, आणि घरी गेल्यावर भांडी काही आपली आपण घासली जायची नाहीत.

त्यात वर्षभरापासून उजवा हात थरथरायला लागला. ताईंनी ते आधी थकव्याच्या खात्यावर टाकलं, मग थंडीच्या, मग वयाच्या. घरी चहा बशीत सांडायला लागला तेव्हा नवरा चकार शब्द बोलला नाही. फक्त कप अर्धाच भरून देऊ लागला. त्या अर्ध्या कपाचा ताईंना असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

पेटीत मात्र लपवणं सोपं होतं. मोजे इतके ढिले की आतला हात कुणाला दिसायचा नाही.

त्या वर्षी सगळी बटणं ग्राफीनची होती. नेहमीच्या बॅटरीत ग्राफाइट असतं, पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. त्याचा एकेक थर सुटा केला की ग्राफीन. एक संशोधक मुलगी ग्राफीनच्या त्या काळ्या पुडीमागे हात धुऊन लागली होती. तिचा प्रबंध अजून व्हायचा होता, पण सगळे तिला आधीपासूनच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवत. सुट्या थरांत लिथियम जास्त मावेल, आत-बाहेर भराभर करील, असा तिचा हिशोब. दुपारचा डबा ती ताईंशेजारी बसून खायची आणि खाता खाताही पुडीचंच बोलायची. ताईंना स्वतःची मुलगी नव्हती. तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत, पण तिच्यासाठी डब्यात एक पोळी जास्त असायची.

प्रयोगशाळेत एक रीत होती. बटण ज्याने जुळवलं त्याने झाकणावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. ताईंचा हिरवा. चाचणीच्या कपाटात बटणं दिवसरात्र भरत आणि रिकामी होत राहायची, आणि अलीकडे हिरवी बटणं माना टाकायला लागली होती. शुक्रवारी बैठक होती. ग्राफीन पुढे न्यायचं की गाशा गुंडाळून साध्या ग्राफाइटकडे वळायचं, हे प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर ठरवणार होते. पोरीची सगळी उमेद त्या बैठकीवर टांगलेली, आणि ताईंच्या मनात एकच घोळत होतं: माल चांगला असणार, माझ्या हाताने त्याचा गळा घोटला.

“अगं, सांगून टाक एकदाचं,” गुरुवारी रात्री ताईंनी हे घरी बोलून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला.

“आणि नोकरी?”

“असा चेहरा घेऊन तू नोकरी तरी काय करणार आहेस?”

शुक्रवारी ताई न बोलावता बैठकीत शिरल्या. खुर्ची रिकामी होती, तरी उभ्याच राहिल्या.

“सर, ग्राफीन बंद करू नका. बटणं माझ्यामुळे मेलीत. माझा हात थरथरतो. वर्ष झालं. मी लपवलं.”

एवढं बोलायलाही त्यांना धाप लागली. सर काही रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेलेच दिसत होते.

“ताई, बसा. आम्हाला माहीत आहे.”

ताईंना कळेना. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बोलली, “ताई, तुमची बटणं आम्ही हिशोबात धरतच नाही. तुम्ही घरी गेलात की मी त्याच पुडीची परत जुळवते. ती शेजारच्या खोलीतल्या कपाटात असतात. तुम्हाला कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं.”

म्हणजे इतके महिने खांदे मोडून जे जुळवलं, ते कुणी मोजलंच नव्हतं. इथेही अर्धा कप. थोडा वेळ ताईंना त्या सगळ्यांचा राग आला, चांगुलपणाचा तर जास्तच. पण राग धरायलाही अंगात त्राण लागतं. त्या बसल्या.

“मग तुझी बटणं?” त्यांनी विचारलं. “ती तर चालली असतील.”

मुलीने नकारार्थी मान हलवली. “पडदा बिडदा काही सरकला नाही. जुळवणी एकदम ठीक. पूडच तशी आहे, ताई. पहिल्याच चार्जिंगला ढीगभर लिथियम गिळते आणि निम्मंही परत देत नाही. सुट्या थरांचा पसारा एवढा, की सगळं त्याच्या अंगावरच चिकटून बसतं. सगळे उपाय केले. तुमच्या हाताचा काही दोष नाही.”

हे ऐकायला ताई वर्षभर आसुसल्या होत्या. आता ऐकलं, तर ते खोटं ठरावंसं वाटलं. घरून निघताना त्यांनी मनाशी सगळं मांडून ठेवलं होतं: आपली नोकरी जाईल, दुसरं कुणी पेटीत हात घालील, आणि पोरीचं ग्राफीन धावायला लागेल. तेवढ्या बळावर तर त्या जिना चढून आल्या होत्या.

“नीट बघितलंस ना गं?” त्या म्हणाल्या. “परत एकदा बघ. माझ्याच हाताने बिघडलं असेल.”

मुलीने त्यांचा थरथरता हात आपल्या हातात घेतला आणि ती रडायला लागली.